मेणाचा पाय

माझ्या पायाची किंमत आजीने एका मेणाच्या पायाएवढी ठरवली होती. साल १९७४. मी नऊ वर्षांचा. मागल्या दारच्या रायवळ आंब्यावरून पडून उजवा घोटा मोडला होता. हाडवैद्याने बांबूच्या कांबट्या बांधल्या, पाला चेचून लावला, आणि दोन महिन्यांनी सोडलं तेव्हा पाय होता तसा वाकडाच. आजीने आमच्या गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलंच होतं, पण तेवढ्यावर तिचं भागलं नाही. एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून ती दक्षिणेकडे, म्हणजे गोव्याच्या दिशेला वळली आणि म्हणाली, ‘‘सायबा, माजो झिल सरळ चलांदे. मी तुका मेणाचो पाय घालतंय.’’

तुळशीपुढे उभं राहून ख्रिस्ती संताला नवस बोलण्यात काही विसंगत आहे, असं तिला वाटलं नाही, आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. सावंतवाडी-बांद्याच्या पट्ट्यात सायब म्हणजे गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर. हा सायब गोव्याचा असला तरी हद्दीच्या अलीकडच्यांचंही ऐकतो, अशी त्याची ख्याती होती. पाय सरळ झाला. सायबाने केला, रवळनाथाने केला की वाढत्या वयाने, याचा हिशेब आजीने कधी मांडला नाही. नोव्हेंबरात बातमी आली की जुन्या गोव्यात दर्शन उघडणार आहे, दहा वर्षांनी. मराठी वर्तमानपत्रं त्याला तेव्हाही शवप्रदर्शन म्हणत आणि आजही म्हणतात. हा शब्द मला कधी आवडला नाही. आजी ‘सायबाचा दर्शन’ म्हणायची.

पहाटेची एसटी धरून आम्ही निघालो. पत्रादेवीला गाडी थांबली, पोलिसाने आत डोकावून पाहिलं, पुढे पेडणे, म्हापसा, मग मांडवीवरचा तेव्हा नवा असलेला पूल. हा पूल पुढे १९८६ च्या जुलैत कोसळला आणि लोक पुन्हा फेरीबोटीत चढले, पण तेव्हा त्याचं फार कौतुक होतं. पणजीहून रायबंदरला जाणारा बांध १६३०च्या दशकातला आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की दोन्ही बाजूंना पाणी, मिठागरं आणि बगळे, आणि मधोमध चिंचोळ्या रस्त्यावर गाड्यांची रांग.

जुन्या गोव्यात पोचलो आणि मला वाटलं, गाव कुठाय? नुसती देवळं. म्हणजे चर्च. नारळाच्या झाडांतून एक पांढरं, एक लाल, पलीकडे एक, टेकडीवर अर्धं मोडलेलं एक. मधे घरं नाहीतच. इथे एकेकाळी मोठं शहर होतं, साथींनी आणि वाईट पाण्याने ते रिकामं झालं, १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली, आणि घरांचे चिरे लोकांनी काढून नेले. देवाच्या वास्तू तेवढ्या राहिल्या. आजी म्हणाली, ‘‘माणसां गेली, देव रवले.’’

मेणाचा पाय चर्चबाहेरच्या दुकानावर घेतला. दुकान म्हणजे चार बांबू आणि ताडपत्री. दोरीला टांगलेले मेणाचे हात, पाय, डोळ्यांची जोडी, आख्खी बाळं, एक घर, एक होडीसुद्धा. पाय घोट्यापर्यंतचा होता, पिवळसर, पाच बोटं, नखं कोरलेली. किंमत मला आठवत नाही. पण आजीने घासाघीस केली नाही हे पक्कं आठवतं, कारण ती मिठाच्या मापावरही घासाघीस करणारी बाई. पाय वर्तमानपत्रात गुंडाळून तिने माझ्या हातात दिला. डिसेंबरच्या उन्हात, तीन तासांच्या रांगेत, तो माझ्या हातात मऊ पडत गेला. रांग से कॅथेड्रलच्या दारापाशी आली तोपर्यंत करंगळी अंगठ्याला चिकटली होती.

सायबाचा मुक्काम एरवी बॉम जीझस चर्चमध्ये. दर्शनाच्या वर्षी काचेची पेटी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. आत शिरलो तेव्हा थंडगार वाटलं, आणि मेण, घाम, अबोलीच्या वळेसरांचा वास. रांग पेटीच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकत होती. काच. काचेच्या आत, जरीच्या कपड्यांत, एक छोटा माणूस. मला वाटलं होतं संत म्हणजे मोठा असेल. पाय माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आले. काळपट, कातडं हाडाला बसलेलं. आजीने काचेला हात लावला, मग तोच हात कपाळाला, मग माझ्या घोट्याला. मागून कुणीतरी ‘चला, चला’ म्हणत होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘किती चाललो आसतलो तो, पाय बघलंस?’’

चालला होताच. गोवा, तामिळ किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटं, १५४९ मध्ये जपान. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या दारातल्या सांचुआन बेटावर तो वारला, आणि सव्वा वर्षानंतर देह गोव्यात आला. हे मी कॉलेजात वाचलं. आजीने पाय पाहून ओळखलं होतं.

ती काच माझ्या मनात राहिली, त्याला कारण आजीची सासू. ती १९३१ च्या दर्शनाला गेली होती, चालत आणि होडीने. आमच्या घरात सांगतात की तिने सायबाच्या पायाला कपाळ टेकवलं होतं, मध्ये काच नव्हती. त्या काळी पायांचं चुंबन घेऊ देत असत, हे खरं आहे. आजी ही गोष्ट सांगताना दरवेळी थोडी उदास व्हायची. सासूला सायब भेटला, हिला काच भेटली. गंमत अशी की त्याच वर्षी टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा दर्शनी भाग अर्ध्या मनोऱ्यासकट कोसळला. पणजीला जायची गोष्ट निघाली की सासूबाई म्हणायच्या, ‘‘मनोरो पडलो त्या साली मी गेललंय.’’ आमच्याकडे वर्षं अशीच मोजली जायची.

आमच्या पिढीने हा सूर उचलला. पूर्वी सगळं जवळ होतं, आता सगळं काचेआड. मीही हे पुष्कळ वर्षं म्हणत आलो, चारचौघांत, थोड्या अभिमानाने. पण त्यानंतर मी जुन्या गोव्यात किती वेळा गेलो याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी हे वाक्य थोडं थोडं झिजत गेलं.

बॉम जीझसमधल्या चांदीच्या पेटीचंच घ्या. १९७४ ला मी तिच्यापुढून गेलो आणि मला फक्त चकाकी दिसली. ती पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच सोनारांनी घडवली. आराखड्यामागे मास्त्रिली नावाचा इटालियन जेझुइट पाद्री होता, पण हातोडी आणि ठसे इथले. तिच्या चारी बाजूंना सायबाच्या चरित्रातले ३२ प्रसंग उठावात ठोकून काढलेले आहेत. अंगावर एकेकाळी रत्नं जडवलेली होती, आता ती नाहीत. पुढे कधीतरी मी चांगली दुर्बीण घेऊन गेलो आणि बॉम जीझसच्या दक्षिणेकडच्या कपेलात खांबाला टेकून तासभर ती पेटी वाचत बसलो. वाचत बसलो असंच म्हणायला हवं. चौकटींच्या मधली वेलपत्ती पाहिली की आपल्याकडच्या देव्हाऱ्याच्या प्रभावळीची आठवण होते. पत्रा मागून ठोकून फुगवायचा, पुढून टोकदार हत्याराने रेघ बसवायची, हे काम आमच्या सावंतवाडीच्या सोनारआळीत मी लहानपणी दारात उभा राहून पाहिलेलं. हात तोच. त्या काळच्या गोव्यातल्या धर्मपरिषदांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती-वस्तू करून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागते म्हणजे काम सर्रास चालत असणार. चांदी ठोकणारा शेट आणि लाकूड कोरणारा चारी यांच्यावाचून पाद्र्यांचंही पान हलत नव्हतं.

बॉम जीझसचं प्रवचनपीठ पाहा. वरच्या भागात येशू, चार शुभवर्तमानकार, चर्चचे आचार्य, सगळे आपापल्या जागी, शिस्तीत. पण खाली, सगळा भार पेलणाऱ्या सात आकृती आहेत. त्या कोण, कुठल्या, असं विचारू नये. गोव्यातल्या इतर काही प्रवचनपीठांवर तर खाली सरळसरळ नागिणी आहेत, कमरेपर्यंत बाई आणि पुढे शेपूट. चाऱ्याने वरचं पाद्र्याला दिलं आणि खालचं स्वतःपाशी ठेवलं.

आणि ती चांदीची पेटी ज्यावर ठेवली आहे तो संगमरवरी चौथरा. त्याची कथा कुणी आजीला सांगितली असती तर ती खूश झाली असती, कारण तो सरळ व्यवहार आहे. सायबाच्या डोक्याखाली असलेली उशी टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याला भेट गेली. त्याने परतफेड म्हणून हे स्मारक दिलं. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने ते दहा वर्षं खपून केलं. तऱ्हेतऱ्हेचे रंगीत दगड, भोवती ब्राँझचे चार फलक. तुकडे पेट्यांत भरून जहाजाने आले, सोबत जुळवायला माणूस आला, रामपोनी नावाचा, आणि १६९८ मध्ये ते उभं राहिलं. एका उशीच्या बदल्यात. मेणाच्या पायाच्या बदल्यात सरळ घोटा, हा आजीचा सौदा त्यामानाने साधाच म्हणायचा. ब्राँझच्या एका फलकावर सायब मोलुक्कामधल्या मारेकऱ्यांपासून पळतो आहे. संत पळतानाचं चित्र त्याच्याच थडग्यावर लावायला शिल्पकाराची छाती लागते.

याच चर्चच्या मुख्य आल्तारावर एक गोष्ट मला लहानपणापासून खटकते. चर्च बाळ येशूच्या नावाचं. पण सोन्याच्या त्या प्रचंड मखरात बाळ एवढंसं, आणि त्याच्या मागे इग्नेशियस लोयोला अवाढव्य, वर सूर्याकडे पाहत. घर बाळाचं आणि बैठक काकांची.

बाहेरून ते चर्च मला १९७४ ला लाल दिसलं आणि मला वाटलं, असंच बांधलं असणार. आमचीही घरं चिऱ्याची. पण चिऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एवढं कळतं की चिरा उघडा ठेवत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात त्याची भोकं मोठी होतात, चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात हिरवळ, मग काळं, मग बोटाने उकरलं तरी भुगा पडतो. बॉम जीझसलाही चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीजांच्या जीर्णोद्धारात तो काढून टाकला, का तर दगड उघडा असला की इमारत जुनी दिसते. आज ज्याला सगळे ‘मूळ रूप’ म्हणून फोटो काढतात ते रूप माझ्यापेक्षा जेमतेम दहाएक वर्षांनी मोठं आहे. पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर वाद चालू असतो. करा म्हणणारे म्हणतात दगड विरघळतोय, नको म्हणणारे म्हणतात लोकांना लालच ओळखीचं आहे. माझं मत विचाराल तर मी आमच्या गवंड्याच्या बाजूचा. दर्शनी भागावरचं नक्षीकाम मात्र अजून कडक आहे, कारण ते चिऱ्यात नाही, काळ्या दगडात आहे, आणि तो दगड वसईहून गलबतांतून आणलेला. गोव्याच्या कपाळावरचा दगड वसईचा, हे वसईकरांना ठाऊक असेल तर त्यांनी ते फार मिरवलेलं नाही.

१९९४ च्या दर्शनाला मी बायकोला घेऊन गेलो. तोवर आजी नव्हती. रांग मोठी होती, आणि खरं सांगायचं तर आम्ही रांगेतून बाहेर पडलो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी राशोलला गेलो. राशोलच्या सेमिनरीचं नाव मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळ्या कारणाने माहीत असतं. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तिथे छापलं गेलं, मराठी ओव्या, लिपी मात्र रोमन. त्या वर्षी जानेवारीत तिथेच ख्रिस्ती कलेचं संग्रहालय सुरू झालं होतं. गोव्यातल्या चर्चांतल्या, कपेलांतल्या आणि जुन्या घरांतल्या वस्तू एकत्र आणून.

तिथे पहिल्यांदा मला माझं ‘पूर्वी सगळं जवळ होतं’ हे वाक्य लंगडं वाटलं. समोर चांदीचा पेलिकन पक्षी होता. एका गोलावर उभा. पेलिकन स्वतःची छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजतो अशी युरोपात समजूत होती, म्हणून तो ख्रिस्ताचं चिन्ह. खालच्या गोलात पवित्र प्रसाद ठेवायची जागा. सतराव्या शतकातलं काम, आणि पिसं एकेक वेगळी. मानेजवळची बारीक, मासळीच्या खवल्यासारखी, पंखांवरची लांब, देठासकट. मी वाकून पाहिलं आणि माझ्या नाकापासून ती पिसं वीतभर अंतरावर होती. मग डोक्यात आलं, आजीच्या सासूला, किंवा मिस्साला मागच्या बाकावर बसणाऱ्या कुठल्या कुणबी बाईला, हा पक्षी इतक्या जवळून कधी पाहायला मिळाला असता? सणाच्या दिवशी धुपाच्या धुरात लांबवर काहीतरी चमकलं असेल. उरलेलं वर्ष तो सांक्रिस्तीच्या कपाटात कुलूपबंद. सायबाचे पाय सगळ्यांचे होते, पण पेलिकन पाद्र्यांचा होता.

हस्तिदंताचंही तसंच. गोव्यात कोरलेला तो छोटा मेंढपाळ, म्हणजे बाळ येशू, डोंगरावर मांडी घालून बसलेला, डोळे मिटलेले, गाल हातावर, खांद्यावर कोकरू, खाली झरा, अगदी खाली गुहेत आडवी मग्दालेना. पाहताक्षणी बुद्ध आठवतो, आणि विद्वानही हे साम्य सांगतात. हे लहान मखर श्रीमंतांच्या घरच्या देव्हाऱ्यासाठी असायचं, नाहीतर जहाजात बसून लिस्बनला जायचं. करणाऱ्या कारागिराच्या घरी ते कधीच राहिलं नाही. आज तिकीट काढून त्याचा खापरपणतू ते पाहू शकतो. पाहायला जातो का, हे वेगळं.

२००२ मध्ये हे संग्रहालय जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात आलं. हा मठ म्हणजे ख्रिस्ती नन्सचा आशियातला फार जुना मोठा मठ, बांधकाम १६०६ पासून. चिऱ्याचा किल्लाच तो, बाहेरून टेकू दिलेला. २०१२ च्या जानेवारीत रात्री तिथे दरोडा पडला, आणि पहाऱ्यावरच्या रखवालदाराचा खून झाला. ही बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा काचेबद्दल वाईट वाटायचं बंद झालं. पुढे काही वर्षं दुरुस्तीसाठी ते बंद होतं आणि २०२२ मध्ये नव्या मांडणीसह उघडलं. आता दिवे प्रत्येक वस्तूवर नेमके पडतात. जुन्या राशोलच्या खोलीत ट्यूबलाइट होती आणि खिडकीतून शेत दिसायचं. ती खिडकी मला आठवते, हे कबूल करतो.

हात लावण्याचं काय होतं ते सायबाच्या देहानेच दाखवलं आहे. गोव्यात देह आला त्याच सुमारास एका भाविक बाईने पायाचं बोट दाताने तोडून नेलं, असं सांगतात. १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून कापून रोमला धाडला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. उशी गेली ती सांगितलीच. प्रेमाने माणसं वस्तूचं काय काय करतात! जेझुइटांना १७५९ मध्ये हाकलल्यावर तर अफवा उठली की ते जाताना सायबालाच घेऊन गेले, आणि ती खोटी ठरवण्यासाठी १७८२ मध्ये पहिलं सार्वजनिक दर्शन भरवलं. म्हणजे ज्या दर्शनाला आम्ही श्रद्धेचा उत्सव समजतो त्याची सुरुवात एका पंचनाम्यापासून झाली.

टेकडीवरचा सेंट ऑगस्टिनचा मनोरा मात्र काचेत घालता येत नाही. त्याची जेमतेम ४६ मीटरांची एक भिंत उभी आहे, चिऱ्याची, वर पिंपळाची रोपटी. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, साधू गेले, १८४२ मध्ये छप्पर कोसळलं, आणि मग १९३१. आत फिरताना पायाखाली थडग्यांचे दगड, भिंतीला कुठेकुठे निळ्या-पिवळ्या फरशा. इथेच पुरातत्त्व खात्याला या शतकाच्या सुरुवातीला जॉर्जियाच्या राणी केतेवानचं हाड मिळालं. १६२४ मध्ये शिराझला शहा अब्बासने तिला मारलं, ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या आणि काळ्या दगडाच्या पेटीत ठेवल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, २०१३ मध्ये ओळख बरीच पक्की झाली, आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो अवशेष तिबिलिसीला नेऊन दिला. चारशे वर्षांनी माहेरी. आमच्या गावी असती तर तिची ओटी भरून पाठवणी केली असती.

या मनोऱ्याची घंटा वाचली. आधी ती आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर, त्या पांढऱ्या नागमोडी जिन्यांच्या. पणजीत मी चार वर्षं नोकरी केली. चर्चच्या चौकात संध्याकाळी बसची वाट पाहताना ती वाजायची, आणि मला ती सवयीने ऐकूही यायची नाही. सगळ्या संग्रहालयांतल्या सगळ्या वस्तूंपेक्षा त्या घंटेचं मला जास्त वाटतं, कारण तिला पाहायला कुणी जात नाही. ती कामावर आहे. सेच्या मनोऱ्यातली ‘सोन्याची’ घंटा, १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतलेली, तीही कामावर आहे. त्या मनोऱ्याच्या जोडीचा दुसरा मनोरा १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा कुणी बांधला नाही, त्यामुळे से कॅथेड्रल आजही एका खांद्यावर पदर घेतल्यासारखं उभं आहे.

गेल्या दर्शनाला, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, मी नातीला घेऊन गेलो. वय नऊ, तिचंही. घोटे दोन्ही शाबूत. महामार्गाने तास-दीड तासात पोचलो, पत्रादेवीला कुणी डोकावलं नाही. रांग मांडवाखालून होती, पंखे, पिण्याचं पाणी, लाउडस्पीकरवर कोकणी, इंग्रजी, मराठी सूचना. माझ्या पुढच्या कुटुंबाने पेटीपर्यंतचा सगळा रस्ता फोनवर टिपला. मला राग यायला हवा होता. पण त्यातली म्हातारी फोनकडे पाहत नव्हती, ती पदर दोन्ही हातांत धरून पुटपुटत होती, आणि तिच्या पुटपुटण्याची लय मला ओळखीची वाटली. आम्ही पेटीपाशी आलो. चेहरा मी पाहिला नाही. पाय पाहिले. पन्नास वर्षांत ते अजून बारीक झालेत, की माझ्या आठवणीत मोठे होते, सांगता येत नाही. नातीने हात पुढे केला, काचेला लावला, आणि मग काय करायचं ते न कळून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. मागून ‘चला, चला’ झालं.

बाहेर खाज्याचे ढीग होते, आल्याचा वास, उकडलेले चणे. आणि पुढे दोरीवर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं. घर होतं. होडी दिसली नाही, त्याऐवजी एक विमान होतं, व्हिसासाठी असावं. माझा उजवा गुडघा गेली तीन वर्षं जिन्यावर बोलतो. म्हटलं, नवस काही केलेला नाही, पण आगाऊ देऊन ठेवू. दुकानातल्या बाईला विचारलं, गुडघ्यासकट पाय आहे का, मोठ्या माणसाचा?

तिने दोरीवरून एक काढला. घोट्यापर्यंतचा, पिवळसर, पाच बोटं, नखं कोरलेली. मुलाच्या मापाचा.

‘‘हो ल्हान पोराचो,’’ मी म्हटलं.

‘‘एकूच साचो आसा,’’ ती म्हणाली. ‘‘म्हज्या सासूचो. सायबाक कळटा.’’

मी घासाघीस केली नाही. वर्तमानपत्र तिच्याकडे नव्हतं, कागदी पिशवीत घालून दिला. उन्हात उभं राहून नातीने तो बाहेर काढला, उलटसुलट केला, आणि विचारलं, ‘‘आजोबा, याची करंगळी चिकटलीय का?’’

साच्यातच चिकटलेली होती.